सावंतवाडीची लाकडी फळं: टोपली निवडताना

मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत शोकेसच्या वरच्या खणात बांबूची एक लहानशी टोपली असते. तिच्यात आंबा, केळं, सीताफळ, वांगं, एखादी लाल मिरची, सगळं लाकडाचं. केळ्याचं टोक तुटलेलं असतं, आंब्याचा गाल घासून पांढरा पडलेला असतो, पण ती टाकून देऊया असं कुणी म्हणत नाही. ती टोपली मे महिन्याच्या सुट्टीत वाडीहून, म्हणजे सावंतवाडीहून आलेली असते. सावंतवाडीला आजोळ किंवा मूळ घर असलेल्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी परतीच्या आदल्या दिवशी चितारआळीतून, म्हणजे चिताऱ्यांच्या (लाकडी वस्तू करून रंगवणाऱ्या कारागिरांच्या) गल्लीतून हीच वस्तू घेतली. आज सालईवाड्यातलं, वैश्यवाड्यातलं, सबनीसवाड्यातलं ते घर कुलूपबंद असेल, वाटणीत गेलं असेल, त्या जागी चार मजली इमारतही उभी असेल. चितारआळी मात्र जागच्या जागी आहे आणि फळं अजून मिळतात. म्हणूनच गावात उतरायला घर उरलं नाही तरी मुलांना घेऊन वाडीला जाणारे पुष्कळजण आधी तिथेच वळतात.

आमचं मत आधीच सांगतो. टोपली जरूर घ्या, पण पारदर्शक कागदात गुंडाळून ठेवलेली तयार टोपली उचलू नका. एकेक नग हातात घेऊन निवडा आणि आपल्या परसातली फळं मागा. तयार टोपल्यांत सफरचंद, नासपती, स्ट्रॉबेरी यांचीच भरती जास्त असते. ती फळं दिसायला छान असतात, पण त्यांचा वाडीशी काही संबंध नाही. ज्या घराची आठवण म्हणून टोपली घ्यायची, त्या घराच्या मागच्या दारी स्ट्रॉबेरी नव्हती. तिथे फणस होता, बोंडू (काजूचं फळ) होता, रातांबा (कोकमाचं फळ) होता.

आळीत शिरण्याआधी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. रेल्वेने येत असाल तर सावंतवाडी रोड स्थानक शहरात नाही, ते मळगावात आहे. तिथून शहरापर्यंत रिक्षा किंवा एसटी धरावी लागते. दादरहून मध्यरात्री सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसचं हेच शेवटचं स्थानक. ती सकाळी पोचते, म्हणजे दिवस हाताशी मिळतो. मंगळवारी वाडीचा आठवडा बाजार असतो. बाजार बघायचा असेल तर तो वार उत्तम, पण खेळणी निवडायला तो टाळलेला बरा. त्या गर्दीत दुकानदाराला चार टोपल्या उलगडून दाखवायला सवड नसते आणि गिऱ्हाईकाला प्रत्येक देठ तपासायला.

दुकानात वयस्क माणूस बसलेलं असेल तर बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "खंयचे तुमी?" याला "मुंबईचे" हे उत्तर देऊ नका. वाड्याचं नाव सांगा, घराण्याचं नाव सांगा. मग "कोणाघरचे?" असं पुढे विचारलं जातं, आजोबांची ओळख निघते, आणि पुढ्यातला माल बाजूला सारून मागच्या फळीवरची फळं समोर येण्याची शक्यता वाढते. लहानपणापासून मालवणी नुसती ऐकली असेल, बोलता येत नसेल, तरी संकोच नको. मोडकीतोडकी चालते.

आता फळाकडे येऊ. चांगल्या फळाचं अंग हलकं असतं. पारंपरिक लाकूड म्हणजे पांगारा. हे झाड कोकणात कुंपणाला लावतात, उन्हाळ्याच्या तोंडाला ते लालभडक फुलतं. त्याचं लाकूड मऊ आणि हलकं, हत्याराला सहज वळतं, म्हणून खेळण्यांना सोयीचं. आंबा आणि इतर स्थानिक लाकडंही वापरली जातात, पाट-चौरंगाला तर जड लाकूडच लागतं. पण मुठीएवढा आंबा उचलल्यावर हाताला दगडासारखा जड लागला, तर तो पांगाऱ्याचा नाही. तो वाईटच असेल असं नाही, मात्र पांगाऱ्याचा म्हणून जास्त पैसे देऊ नका.

ओंडका आधी वाळवावा लागतो आणि सगळ्या वस्तूचं भवितव्य इथेच ठरतं. कोकणच्या हवेत ओलावा भरपूर. लाकूड वरून सुकलेलं दिसतं, गाभ्यात पाणी राहतं. अशा लाकडाचं फळ वाडीत असेपर्यंत ठीक असतं, पण पुण्याच्या कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत गेलं की आतून आकसतं आणि लाकडाच्या रेषेने उभी भेग पडते. ही भेग देठापासून सुरू होऊन बुडाकडे जाते. ओळखायचं असं: फळ गालाला लावून बघा, ओलं लाकूड बाजूच्या सुक्या फळापेक्षा गार लागतं. एकाच आकाराचे दोन आंबे दोन हातांत घ्या, ओला जड असतो. नखाने टिचकी मारली तर सुक्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बसका.

वाळलेल्या तुकड्याला वाकसाने ढोबळ आकार देतात, मग पटाशी, कानस, पॉलिश पेपर. गोल वस्तू लेथवर उतरवतात, पण आंबा, काजू, सीताफळ ही हाताचीच कामं. त्यावर अस्तर येतं. जुनी रीत म्हणजे चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड. हल्ली तयार लांबीही (पुट्टी) वापरतात. अस्तराचं काम लाकडाची छिद्रं बुजवणं एवढंच. ते पातळ हवं. कोरीव कामातली चूक झाकायला जाड अस्तर थापलं तर ते पुढे टवक्यांनी उडतं आणि रंगही घेऊन जातं. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचा बघा, अस्तर जाड असेल तर त्या खाचा भरलेल्या, कडा गुळगुळीत झालेल्या दिसतात. फणसाचे काटे बघा. कोरलेला काटा अंगातून वर आलेला असतो, त्याच्या मुळाशी सांधा नसतो. लांबीचे ठिपके ठेवून केलेले काटे सगळे एकसारखे गोल असतात आणि दोन पावसाळ्यांत गळू लागतात.

रंगाची पारख आंब्यावर करावी. उत्तम हातचा आंबा एकाच पिवळ्याने रंगवलेला नसतो. बुडाकडे हिरवट झाक, पोटाला पिवळा, खांद्यावर नारिंगी, आणि एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला ते बोटाने दाखवता येऊ नये. देठाभोवती खळगा हवा आणि त्या खळग्यात रंग किंचित गडद. त्यापुढचा प्रश्न, हा आंबा कुठला? पायरीला खाली चोच असते आणि खांदा लालसर. हापूसला तशी ठसठशीत चोच नसते, अंगाने तो भरलेला, लांबट गोल. दुकानातल्या बऱ्याच आंब्यांना हापूसचा रंग आणि पायरीची चोच असते. हे चित्रातल्या आंब्याचं अनुकरण, झाडावरच्या आंब्याचं नव्हे. चितारी जुना आणि जाणता असेल तर दोन्ही वेगळे करून देतो. कोकणातून गेलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, पण त्याच्या नातवंडांना या टोपलीतूनच कळणार असतो, म्हणून आम्ही त्याला एवढं महत्त्व देतो.

काजूचंही तेच. शहरातल्या मुलांना काजू म्हणजे पांढरा गर. टोपलीतला बोंडू लाल किंवा पिवळा हवा आणि बी त्याच्या बुडाला, बाहेर लटकलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची हवी. ही बी वेगळी करून चिकटवलेली असते, हा सगळ्या टोपलीतला सर्वांत नाजूक सांधा. अंगठा आणि तर्जनीत धरून अगदी हलका ताण द्या. हलली तर नग बदलून मागा. आत बांबूची किंवा लाकडाची खुंटी घालून बसवलेली बी वर्षानुवर्षं टिकते. नुसत्या गोंदाने डकवलेली पहिल्यांदा जमिनीवर पडताच निघते. देठांची गतही हीच. आंबा, वांगं, मिरची, टोमॅटो, सगळ्यांचे देठ आधी तुटतात, कारण मुलं फळ देठाला धरूनच उचलतात. वांग्याची टोपी आणि देठ एकाच लाकडात कोरलेले असतील तर ते वांगं डोळे मिटून घ्यावं.

निवडताना हंगामही बघावा लागतो. वाडीला लोक जातात दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला. लाकडी रंगकामाच्या दृष्टीने मे चांगला, गणपतीचे दिवस कठीण. पावसाळी हवेत मारलेलं वार्निश नीट सुकत नाही. त्यावर पांढुरकी झाक येते, किंवा वरून सुकलेलं दिसतं आणि आतून चिकट राहतं. गणपतीत घेत असाल तर फळाच्या बुडाला, जिथे हात कमी लागतो तिथे, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. ठसा उमटला तर तो नग घेऊ नका, किंवा पावसाआधी रंगवलेला माल आहे का ते विचारा. असतो. चिकट फळ कागदात गुंडाळून आणलं तर घरी पोचेपर्यंत वर्तमानपत्राची अक्षरं आंब्यावर उमटलेली असतात आणि ती निघत नाहीत.

नकली मालाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सावंतवाडीच्या नावाखाली दोन प्रकारचा परका माल दिसतो. एक म्हणजे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, पातळ कापून रंगवलेले आकार: कडेला लाकडाची रेषा नसते, भुशासारखा एकसुरी पोत दिसतो, पाणी लागलं की फुगतो. दुसरा कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा. तो नकली नाही, फार सुंदर आणि स्वतःच्या मानाचा कारागिरीचा माल आहे, पण तो वाडीचा नव्हे. तिथे मुख्यतः काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरवतात आणि फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. त्यामुळे त्या खेळण्यावर रंगाचे नेमके, गोल पट्टे असतात आणि वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी असते. वाडीतही लाखकाम होतं, पण वाडीची फळं ओळखू येतात ती कुंचल्याच्या हातामुळे. दोन आंबे कधी एकसारखे नसतात. सहा आंबे ओळीने मांडून सहाही जुळले, तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

डब्यावर आयएसआयचं चिन्ह नाही म्हणून काही पालक कचरतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं झालं, पण विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे. चिन्ह नसणं म्हणजे माल बेकायदा असं होत नाही. मात्र चिन्ह नसेल तिथे चौकशी आपण करायची. मूल तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर रंग कुठला वापरला, शिसं नसलेला आहे का, हे थेट विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर ती टोपली मोठ्या माणसांच्या शोकेससाठी ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला देताना आणखी एक कसोटी: सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हातात नको. मिरची, लिंबू, सुटी झालेली काजूबी, तुटलेला देठ, सगळे या नळीतून जातात.

फळांशिवाय आळीत पाट, चौरंग, देव्हारे, पाळण्यावरची टांगती खेळणी, भोवरे, भातुकली असतं. भातुकलीत जातं आणि उखळ-मुसळ बघून घ्या: जात्याची वरची तळी खुंट्यावर खरोखर फिरली पाहिजे. पोळपाटाचे तीनही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पाट घेताना उलटा करून पाहा; खालच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांऐवजी खाचेत बसवलेल्या असतील तर उत्तम.

पण वाडीची दुसरी मोठी वस्तू म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि तिच्यासाठी राजवाड्यात जायला हवं. लाल दगडाचा हा वाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, समोर मोती तलाव. तो तलाव १८७४ चा. लहानपणी सुट्टीत आलेल्यांना तलावाचा कठडा आठवतो, वाड्यात आत गेलेले थोडे. आता दरबारात तिकीट काढून जाता येतं आणि चितारी बसून गंजिफा रंगवताना दिसतात. दुपारच्या वेळी दार बंद मिळतं, तेव्हा सकाळीच जावं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपली होती. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि वाड्यातच कामाला बसवली. आज गंजिफा विकत मिळते ती यामुळे.

दशावतारी संचात १२० पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मोगल गंजिफेत आठ रंग, म्हणजे ९६ पानं. पानं गोल असतात. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून पान तयार करत. हल्ली बऱ्याचदा कागदाचे थर असतात. मागची बाजू लाखेने कडक केलेली. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळत असतील तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. आणि नव्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. संच घेताना हा नियम कोणत्या रंगांना कसा लागतो ते कारागिराकडूनच लिहून घ्या, म्हणजे घरी वाद होणार नाहीत.

संच विकत घेताना पानं मोजा. लाज वाटायचं कारण नाही, १२० पानांत एखादं कमी पडणं सहज शक्य आहे आणि घरी आल्यावर परशुरामाची सत्ती सुटी मिळत नाही. रंगवार लावा, बारा-बाराचे दहा ढीग करा. एका रंगाच्या सगळ्या पानांची पार्श्वभूमी एकाच छटेची हवी. मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू अशी खूण आणि पानावर आकड्याइतक्याच खुणा हव्यात; नव्वीवर आठच मासे असं होऊ शकतं. मग ढीग उभा करून कडेवरून बोट फिरवा, एखादं पान मोठं असेल तर बोटाला लागतं आणि खेळात ते मागूनही ओळखू येतं. छापील संचही मिळतात. खेळ शिकायला आणि मुलांच्या हातात द्यायला ते पुरे. हाताने रंगवलेल्याची किंमत देऊन छापील पदरी पडू नये म्हणून भिंग न्या: छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात, कुंचल्याच्या कामात रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती असते. हाताने रंगवलेल्या दशावतारी संचाला हजारांत पैसे पडतात. आमच्या मते ते रास्त आहेत. त्यात २० पानं तर राजे आणि प्रधान, दिवस-दिवस बसून केलेली. घासाघीस करायचीच असेल तर टोपलीवर करा, गंजिफेवर नको.

एवढे पैसे घालायचे नसतील तर एकच अवतार चौकटीत लावून मिळतो. ज्यांच्या गावच्या घरात खेळाला बसणारी माणसं होती त्यांना मात्र पूर्ण संचच घ्यावासा वाटेल. तो घ्यावा आणि खेळावा. खेळताना पानं पत्त्यांसारखी पिसू नका, कडा फुटतात. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी फिरवायची.

आता घरी आणल्यानंतर. टोपली प्रवासात तशीच ठेवली तर फळं एकमेकांवर आपटून टवके उडतात. प्रत्येक फळ मऊ सुती कापडात वेगळं गुंडाळा, देठ वर ठेवा आणि टोपली पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात घाला. घरी पहिले आठ-दहा दिवस एसीच्या झोतापासून आणि थेट उन्हापासून लांब ठेवा. लाकडाला नव्या हवेची सवय होऊ द्यावी, म्हणजे भेगा कमी पडतात. खेळणी धुवायची नाहीत. कोरडं फडकं पुरतं. फारच मळली तर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. तेल लावू नका, त्याने रंग उजळत नाही, धूळ बसते.

सर्वांत मोठा शत्रू किडा. पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड त्याला आवडतं. टोपलीच्या तळाशी पिठासारखी बारीक पूड दिसली आणि फळाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं, तर आत किडा आहे. ते फळ ताबडतोब वेगळं करा. बाकीची फळं वाचवायची तर सोपा उपाय आहे. फळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर पंधरा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड फळावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं आणि रंग उठतो. मग भोक मेणाने बुजवा. पुन्हा पूड पडली तर नव्या भोकातून पडते, त्यावरून कळतं. डांबरगोळ्या टोपलीत टाकू नका, वार्निश मऊ पडून गोळी फळाला चिकटते. बांबूची टोपलीही तपासा, पुष्कळदा कीड तिच्यातूनच येते.

जुनी टोपली, आजीने घेतलेली, तिला नव्याने रंगवून आणावं का, हा प्रश्न हमखास येतो. आमचं उत्तर: तुटलेला देठ बसवा, सुटलेली बी खुंटी घालून चिकटवा, उडालेला टवका पुढे वाढू नये म्हणून त्याच्या कडेवर वार्निशचा एक पातळ हात द्या. सगळा रंग खरवडून नवा मारू नका. खांद्यावरचा नारिंगी जिथे घासून गेला आहे, तिथेच मुलांचे अंगठे लागलेले असतात. दुरुस्तीसाठी टोपली वाडीलाच घेऊन जाता आली तर फार चांगलं; जुन्या हाताचं काम आळीत ओळखलं जातं आणि कुणाच्या घरचा आंबा हे कधीकधी नुसतं बघून सांगितलं जातं.

नव्या टोपलीसाठी आमची यादी अशी: हापूस, पायरी, फणस, लाल बोंडू, पिवळा बोंडू, शहाळं, केळं, सीताफळ, पेरू, देठासकट वांगं, आणि रातांबा. सफरचंद मुलांनी हट्ट केला तरच. रातांबा तयार मालात बहुतेक नसतो, कारण खऱ्या मापाने केला तर तो बारीक होतो आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो कसला ते कळत नाही. पोचल्याच्या दिवशी आळीत जाऊन सांगून ठेवा, किंचित मोठा करायला सांगा, रंग काळसर लाल आणि डोक्यावर हिरवी टोपी. निघायच्या आदल्या दिवशी घ्यायला जा, आणि वार्निश सुकलंय का ते अंगठा दाबून बघा.